आप्पांचं घड्याळ

माझे आप्पा एक नंबरचे लबाड होते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. आता सांगायला हरकत नाही.

रेल्वेतून रिटायर झाले आणि खुर्चीला चिकटले. बीपी, शुगर दोन्ही हजर. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पण मी पुण्यात, आप्पा सोलापुरात, आणि आईचं ते कधीच ऐकत नसत.

म्हणून मी त्यांना स्मार्टवॉच दिलं. पावलं, ठोके, सगळं माझ्या फोनवर दिसायचं. वर नाव: आप्पा.

आणि काय सांगू, आप्पा सुटलेच! रोज सकाळी कंबर तलावाला फेऱ्यांवर फेऱ्या. मी इथेच "माझा हिरो" म्हणून पोस्ट टाकली होती. तुम्ही सगळ्यांनी बदाम पाठवले होते.

मग एका सकाळी फोनवर सूचना आली. ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांना दाखवा.

मी आहे तशी सोलापूरची बस पकडली.

घरी पोचले तर आप्पा शेंगाचटणी-भाकरी खात बसलेले.

"मला काय झालंय? ठणठणीत हाय की मी."

तसंच उठवून हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी काढला. नॉर्मल.

"घड्याळं चुकतात कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "तरी पुढच्या आठवड्यात परत बघू. घाबरू नका."

माझा जीव भांड्यात पडला. मी पर्स उचलली. आप्पा मात्र जागचे हलेनात.

"डॉक्टरसाहेब," ते खाली बघत म्हणाले, "घड्याळ माझं हाय. मनगट माझं न्हाय."

मग सगळं बाहेर आलं. तळ्यावर पोचलं की आप्पा घड्याळ काढून सिद्राम काकांच्या हाताला बांधायचे. काका म्हणजे त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. काका फेऱ्या मारायचे. आप्पा कॅन्टीनमध्ये पेपर आणि गरम भजी. काका आले की दोघांचा चहा, आणि मग घड्याळ परत आप्पांकडे.

मी त्या केबिनमध्येच आवाज चढवला.

"मला मागनं वरड," आप्पा म्हणाले. "आदी सिद्रामला आणू."

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

काका त्यांच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला तागा उलगडून दाखवत होते. ना धाप, ना धडधड.

"होगली बिडो," काका कानडीत म्हणाले. जाऊ दे, सोड. "रोज येवडा चालतो मी. मला कसला रोग?"

आप्पांनी त्यांच्या हातातलं कापड काढून घेतलं. "गप चल. तुला काय झालं तर मी सकाळी कुणाच्या जिवावर बसू?"

काकांचा ईसीजी निघाला. एट्रियल फिब्रिलेशन.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. "हल्लीच्या संशोधनात हेच दिसतंय, कितीतरी जणांना काहीच जाणवत नाही."

मग आप्पांकडे वळले. "आणि तुम्ही. बीपी, शुगर घेऊन असं बसून राहिलात, तर हार्ट अटॅक घरी चालत येईल."

काकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा खरंच चालायला लागले, काकांच्या शेजारी, कुरकुरत. फोनवरची पावलं निम्म्यावर आली. पण त्यांची स्वतःची होती.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक.

पहिल्यापासून चालले असते तर? मी डॉक्टरांना विचारलं. तसं नक्की कुणीच सांगू शकत नाही, म्हणाले.

मला अजून राग येतो आप्पांचा. आणि आठवण तर रोज येते.

तेराव्याला ते घड्याळ मी काकांना दिलं. त्यांनी ते मनगटावर बांधलं.

"पोरी, फोनातलं नाव तेवडं बदलू नको," काका म्हणाले. "त्याच्या वाटचं मी चालतो की."

आज सकाळीही फोन वाजला.

"आप्पा चालायला निघाले."

आप्पा, तुमच्या लबाडीला मनापासून नमस्कार.

बसा निवांत. काका चालतायत.