पानागोसने हाक कुणाला मारली

पानागोसची गाडी गल्लीत शिरली की मार्कोपूलोतली माणसं धडाधड खिडक्या लावून घेतात. लावू देत. त्यांच्याच घरातला मैला तो उपसून नेतो. आमच्या भागात गटारं नाहीत, दर घराखाली टाकी आहे, आणि अथेन्समध्ये बसून गटारांची आश्वासनं देणाऱ्यांशी मी कित्येक वर्षं भांडतेय, पण तो विषय वेगळा. सांगायचं एवढंच, की हा माणूस आठवडाभर झोपून राहिला तर अख्खं गाव स्वतःच्या घाणीत बसेल. आणि तरी कॉफीच्या दुकानात त्याच्या शेजारची खुर्ची रिकामीच असते.

आमच्यातसुद्धा तेच. आम्ही म्हणजे जुन्या देवांचे लोक. झ्यूस, अथेना, अर्तेमिस यांना मानणारे. गावातले आम्हाला 'बारादेववाले' म्हणतात, आणि म्हणताना तोंड असं काही वाकडं करतात की कानाखाली द्यावीशी वाटते. मी शाळा अर्धवट सोडलेली बाई. जे वाचलं ते स्वतःच्या हिमतीवर. पडक्या देवळांत आम्हाला प्रार्थना करू द्या म्हणून अर्ज केले, पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या ऐकल्या, एकदा पोलिसांच्या गाडीतही बसून आले. तर पानागोस पहिल्यांदा आमच्या बैठकीला आला तेव्हा आमच्यातलीच एक शिकलेली बाई माझ्या कानाशी लागली, "मेल्पो, हा माणूस एवढा विटाळ घेऊन अग्नीजवळ बसणार?"

मी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "तुझी टाकी कोण उपसतं गं?"

ती परत आली नाही. बरं झालं.

पानागोस आमच्याकडे आला तो काही पुस्तकं वाचून नाही. झाम्बेता, त्याची बायको, बाळंतपणात गेली. मुलगी वाचली, असिमीना. पाद्री घरी येऊन म्हणाला, देवाला ती आपल्याजवळ हवी होती. पानागोसने त्याला दारापर्यंत नीट सोडलं आणि त्यानंतर चर्चची पायरी चढला नाही. मग बऱ्याच वर्षांनी वाव्रोनाच्या एका खानावळीची टाकी उपसायला गेला. नळी सोडली, पंप लावला, आणि शेजारीच अर्तेमिसचं पडकं देऊळ आहे तिथं सिगरेट ओढत उभा राहिला. एक बाई शाळेच्या पोरांना सांगत होती की जुन्या काळी बाळंतपणात गेलेल्या बायकांचे कपडे इथं देवीच्या जागी आणून ठेवत. पानागोस ऐकतच राहिला. तिकडे टाकी केव्हाच रिकामी झाली आणि पंप कोरडा किंचाळायला लागला. खानावळवाला शिव्या देत आला, तर हा रडतोय.

कारण घरी त्याच्याकडे एक झगा होता. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. झाम्बेताने तो हॉस्पिटलच्या पिशवीत भरला होता, बाळाला घेऊन घरी येताना घालायचा म्हणून. पिशवी परत आली तशीच आली. त्या झग्याचं काय करायचं हे त्याला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. फेकवत नव्हता, कुणाला देववत नव्हता. वाव्रोनाला त्याला पहिल्यांदा कळलं की अशा कपड्यांचीसुद्धा कुठंतरी जागा असते. पण दिला नाही त्याने. दर वर्षी वसंतात आमच्याबरोबर वाव्रोनाला यायचा, झगा पिशवीत आणायचा आणि पिशवीतच परत न्यायचा. मी चिडायचे, "अरे, द्यायचा नसेल तर फिरवतोस कशाला?" तर म्हणायचा, "अजून नाही गं."

आता असिमीनाचं बाळंतपण.

मला त्याने हॉस्पिटलात बोलावून घेतलं होतं. असिमीनाची सासू लेमोनियाही तिथं होती, जपाची दोरी बोटांत घेऊन. काळे कपडे, काळा रुमाल, आणि मला बघितल्यावर काळं झालेलं तोंड. दुपारी डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली की रक्त थांबत नाहीये, आम्ही प्रयत्न करतोय. दार परत लागलं. आणि पानागोस, जो माणूस कधी आवाज चढवत नाही, त्याने भिंतीवर दोन्ही मुठी आपटल्या आणि ओरडला, "किरा! हिला नको नेऊस! झगा तुला देतो म्हणतोय ना, तुलाच देतो, हिला सोड!"

किरा म्हणजे मालकीणबाई. आमच्या बोलण्यात हा शब्द दिवसातून शंभरदा येतो. लेमोनियालाच सगळे किरा-लेमोनिया म्हणतात. ती दचकून म्हणाली, "अहो व्याही, मी कुठं नेतेय तिला?"

संध्याकाळी रक्त थांबलं. आई वाचली, मुलगी झाली, ठणठणीत. आम्ही तिघं एकमेकांच्या गळ्यात पडलो, मी आणि लेमोनियासुद्धा, आणि नंतर दोघींनी आपापले कपडे झटकले.

नवस बोलला गेला होता, तो फेडायला हवा होता. यात मात्र आमच्या गावात दुमत नाही. चर्चवाले असोत की बारादेववाले, बोललेला नवस बुडवला तर तो लेकराच्या अंगावर येतो असं सगळेच मानतात. आणि बाळ घरी आलं त्या आठवड्यापासून दूध ओकायला लागलं. प्यायलं की ओकायचं. पानागोसचं जेवण सुटलं. "ती मागतेय," तो म्हणायचा.

"मग देऊन टाक ना," मी म्हटलं. "रविवारी वाव्रोनाला जाऊ."

लेमोनिया तिथंच बसली होती, बाळाचे कपडे घडी करत. "वाव्रोनाला? झगा आमच्या पानाईयाच्या चर्चात जाणार. किरा म्हणून हाक मारली त्यांनी. पानाईयाला, ख्रिस्ताच्या आईला, किरा म्हणतात, सगळ्या जगाला माहीत आहे."

"आम्ही अर्तेमिसला म्हणतो."

"तुम्ही काय, तुम्ही झाडालाही म्हणाल!"

"आणि काय म्हणाला तो? 'हिला नको नेऊस' म्हणाला. जी बाळंतिणीला बाण मारून नेते तिलाच असं म्हणतात. तुझी पानाईया नेते का कुणाला? मग कबूल कर की झाम्बेतालाही तिनेच नेलं!"

"जीभ झडेल तुझी, मेल्पो!"

"झडू दे, दुसरी उगवेल. आणि हा ओरडला तेव्हा तुला काय वाटलं? तुलाच हाक मारतोय! म्हणजे झगा तुलाही द्यायला पाहिजे की काय?"

"मला ठिपके शोभत नाहीत," लेमोनिया म्हणाली, आणि असिमीना आतल्या खोलीतून हसली. पानागोस हसला नाही.

"झगा एकच आहे," तो म्हणाला. "चुकीच्या दारात ठेवला तर?"

मी त्याला समजवायला बसले आणि स्वतःच अडकले. कारण जुन्या रीतीत जी सुखरूप सुटली ती स्वतःचे कपडे अर्तेमिसला देते, आणि जी मेली तिचे कपडे जातात इफिगेनियाला, तिच्या पुजारणीला, जिचं थडगंही वाव्रोनालाच होतं म्हणतात. झगा मेलेल्या बाईचा. नवस जिवंत पोरीसाठी. मग द्यायचा कुणाला? मी अमकं पुस्तक काढलं, तमकं काढलं. आमच्या अथेन्सच्या मंडळातल्या एका शहाण्याला फोन केला. तो म्हणाला, आधी नवसाचे नेमके शब्द काय होते ते लिहून पाठवा. मी फोन आपटला. माणूस भिंतीवर मुठी आपटत होता, आणि याला नेमके शब्द पाहिजेत.

शेवटी मीच ठरवलं की रविवारी वाव्रोना. कुणीतरी ठरवायला नको?

रविवारी त्याच्या गाडीतूनच निघालो. मी पुढच्या सीटवर, झगा मांडीवर, मागे टाकीचा खडखडाट. द्राक्षांच्या मळ्यांपाशी त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. डोक्यावरून विमान गेलं, ते लांब गेल्यावर म्हणाला,

"मेल्पो, मला कुणीच दिसलं नव्हतं."

"कधी?"

"हाक मारली तेव्हा. तुम्ही दोघी भांडताय म्हणून मी बोललो नाही. धनुष्यबाण घेतलेली कुणी दिसली नाही की कडेवर पोर घेतलेलीही नाही. झाम्बेता दिसली."

मी मांडीवरचा झगा सरळ केला.

"मी तिलाच किरा म्हणायचो गं. कामावरून आलो की दारातूनच. 'किरा, आज काय शिजलंय?' मग ती आतून ओरडायची, 'आधी हात धू, नंतर किरा!'"

अर्धा देश बायकोला किरा म्हणतो. माझा बाप म्हणायचा, माझा भाऊ म्हणतो. आणि मी पुस्तकं उपसत बसले होते.

"मग हिला नको नेऊस, हे..."

"तिलाच म्हटलं. वाटलं, तिला तिथं एकटीला करमत नसेल, म्हणून लेकीला बोलावतेय. मी चिडलो तिच्यावर. आयुष्यात कधी चिडलो नव्हतो." त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "पण मेलेलं माणूस वाचवू शकतं का? तू वाचतेस ना एवढं. सांग."

मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, तसं होय, काही जणी वाचवतात म्हणे. मग मला संताप आला, त्याचा नाही, कुणाचा ते मलाही सांगता येणार नाही. "हे बघ," मी म्हटलं, "बायको होती ना ती? मग झगा तिचाच आहे. तिचीच वस्तू तिला देऊन नवस कसा फिटेल?"

"हेच तर," तो म्हणाला. "हेच तर मला कळत नाहीये. आणि तिनेच वाचवलं असेल, आणि मी झगा दुसरीलाच दिला, तर बाळाचं काय?"

गाडी परत फिरवली.

पण तिला द्यायचा तर कुठं? थडगं नाही. आमच्याकडे जागा पुरत नाही, तीन वर्षांनी माणसाला वर काढतात, हाडं वाइनने धुतात आणि पत्र्याच्या पेटीत घालून चर्चच्या आवारातल्या खोलीत फळीवर ठेवतात. झाम्बेता त्या खोलीत आहे. किल्ली चर्चकडे, आणि चर्चवाल्यांत आमचं ऐकणारी एकच. म्हणजे पुन्हा लेमोनिया.

वाटलं होतं ती टाळ्या वाजवेल. तिने सगळं ऐकून घेतलं, रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "म्हणजे ती ख्रिस्ताची आईही नव्हती आणि तुमची ती बाणवालीही नव्हती?"

"माहीत नाही," पानागोस म्हणाला.

"मला तर वाटतं पानाईयाच झाम्बेताच्या रूपानं आली असेल."

"किंवा अर्तेमिस," मी म्हटलं.

"तू गप."

किल्ली मात्र तिने आणली. असिमीनाही बाळाला घेऊन आली, अजून फिकटच होती. आत ओळीनं पेट्या, प्रत्येकीवर फोटो. झाम्बेताचा फोटो ऊन लागून पिवळा पडलेला, पण हसतेय. पानागोसने पेटी उतरवून झाकण उघडलं आणि घडी केलेला झगा वर ठेवला. झाकण बसेना. दाबलं, तरी बसेना. जुन्या काळचा झगा, कापड भरपूर.

"बाह्या कापू या," लेमोनिया म्हणाली. "मी कात्री आणते."

"कापायचा नाही."

"अहो, देवाला काय बाह्यांचं?"

"कापायचा नाही, विहीणबाई. तिला बाह्या आवडायच्या."

शेवटी गाडीतून नळी बांधायची सुतळी आणली आणि पेटी झाकणासकट बांधली. निळं कापड एका बाजूनं बाहेर दिसत राहिलं. लेमोनियाने मेणबत्ती लावली आणि क्रॉसची खूण केली. मी दूध आणि मध बाटलीत आणलं होतं, ते दाराबाहेर मातीत ओतलं, मेलेल्यांना आम्ही तसंच देतो. पाद्री बघत असता तर माझ्याशी भांडला असता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कुणीतरी भांडायला हवंच होतं.

"मेल्पो, तू दोन शब्द म्हण," पानागोस म्हणाला. "मला येत नाहीत."

"कुणाला म्हणू?"

"मला काय विचारतेस?"

वरच्या देवांना हाक मारायची तर तळवे आभाळाकडे करतात. खालच्यांना, मेलेल्यांना मारायची तर जमिनीकडे. आजवर शेकडो लोकांना मी हे शिकवलंय, चुकलेल्यांना झापलंय. तिथं उभी राहिले आणि माझा एक हात वर गेला, एक खालीच राहिला, चौकातल्या पोलिसासारखा. तसंच म्हटलं, "किरा, तुला कबूल केलेलं आणलंय. घे. पोरीला सांभाळ."

"आमेन," लेमोनिया सवयीनं म्हणाली, आणि मग जीभ चावली.

"बाबा," असिमीना म्हणाली, "आता फिटला ना?"

तेवढ्यात बाळ तिच्या खांद्यावर ओकलं. थोडंसंच. असिमीना म्हणाली, दूध जास्त झालं असेल. लेमोनिया म्हणाली, पाळण्यातली पोरं ओकतातच, माझा याच्याहून ओकायचा. पानागोस त्या दोघींकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"मेल्पो?"

"गाडी काढ आधी," मी म्हटलं. "फाटकाच्या तोंडावर लावलीयस, वास सगळ्या आवारात भरलाय."