बोटभर जास्त

आमच्या शेजारच्या कापडकाकांनी आयुष्यभर दुकानात कापड मोजलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बोटभर जास्त दिलं. कापड कमी पडलं तर शिंपी दुकानदाराच्या नावानं खडे फोडतो, जास्त झालं तर घरात रुमाल होतो, असं त्यांचं शास्त्र होतं. लग्न करायचं राहून गेलं. यजमान गेल्यावर थोरली बहीण, म्हणजे आक्का, चार दिवस राहायला म्हणून आली. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

आक्का येताना आपली शेगडी घेऊन आली. वर चार बर्नर, खाली ओव्हन, एखाद्या कपाटासारखी आपल्या पायांवर उभी राहणारी. काकांच्या स्वयंपाकघरात गॅसचा नळ भिंतीतून पुढे आलेला, त्यामुळे शेगडी भिंतीला टेकेना. मागे चार बोटांची फट राहिली. त्या फटीत चमचे गेले, झाकणं गेली, लिंबं गेली. आक्काची नजर मंदावत गेली तसा फटीचा संसार वाढला.

काही गेलं की आक्का आतून नुसतं म्हणायची, "पडलं." काका दुकानातली आकड्याची काठी घेऊन उठायचे. उंचावर टांगलेले कपडे काढायची ती काठी. वस्तू वर यायची, आक्का ती धुवायची, काका परत खुर्चीवर. तक्रार दोघांचीही नव्हती.

मग एकदा आक्काचा मुलगा जेवायला आला असताना हात पुसायचं फडकं फटीत पडलं आणि ओव्हनच्या तापलेल्या पाठीला चिकटलं. करपल्याचा वास आला. काकांनी ते काठीने ओढून काढलं, मुलाने त्यावर पाणी ओतलं आणि सगळे पुन्हा पानावर बसले.

"आई, पुढच्या रविवारी तुला न्यायला येतो," मुलगा शांतपणे म्हणाला. "माझ्याकडे शेगडी ओट्यात बसवलेली आहे. मागे काही पडायला जागाच नाही."

आक्का "बघू" म्हणाली. काकांनी पुन्हा वाढून घेतलं, पण ते तसंच पानात राहिलं. हे मला आक्काने सांगितलं, आणि सांगताना ती काकांवर अन्न टाकल्याबद्दल रागावलेली होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी फट मोजली आणि पत्रेवाल्याकडे जाऊन स्टीलची पट्टी सांगितली. एक कड भिंतीला टेकेल, दुसरी शेगडीच्या मागच्या काठावर बसेल, असा बेत. ओव्हनची गरम हवा मागून निघते म्हणून पट्टीला भोकं पाडायचं पत्रेवाल्याने आपणहून सुचवलं. शनिवारी तो पट्टी बसवायला घरी आला. पट्टी मागच्या बर्नरवर चढली. पातेलं ठेवलं तर ते एका बाजूला कललं.

पत्रेवाला म्हणाला, कापलं आहे ते सांगितलेल्या मापानेच. काका म्हणाले, माप चोख आहे, फक्त वरचं बोट सवयीने आपण वाढवलेलं आहे.

"पत्र्याचा रुमाल होत नाही, काका," पत्रेवाला म्हणाला. तो त्यांचं जुनं गिऱ्हाईक होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि दाराशी आक्काची मोठी बॅग माळ्यावरून उतरवून ठेवलेली होती. काका येता-जाता तिला वळसा घालत होते, पण त्यांनी तिच्याबद्दल विचारलं नव्हतं.

"दुमडा की," आक्का कांदा चिरता चिरता म्हणाली. "जास्तीच्या कापडाचं शिंपी काय करतो?"

पत्रेवाल्याने जास्तीचं बोट भिंतीच्या बाजूने वर वळवलं. पट्टी अशी बसली, की भिंतीलगतची बारीक चीरही झाकली गेली.

रविवारी मुलगा आला तो थेट स्वयंपाकघरात. त्याने पट्टीवर चमचा टाकला. चमचा तिथेच राहिला. लिंबू सोडलं, ते वळवलेल्या काठाला आपटून पुढे आलं. मग त्याने पट्टी हलवून पाहिली.

"पक्की आहे, मामा. पण आईची नजर?"

"माझ्यापेक्षा बरी आहे," काका म्हणाले. "परवा मी चहात मीठ घातलं, ते तिनेच पाहिलं."

"पिऊन झाल्यावर सांगितलं," आक्का म्हणाली.

मुलाने बॅगेकडे पाहिलं. "मग ही कशाला भरलीस?"

"जुने पडदे आहेत. तुझ्या बायकोने मागितले होते. जाताना घेऊन जा."

जेवून तो पडदे घेऊन गेला. काकांनी दार लावलं आणि कडी दोनदा ओढून पाहिली.

पुढचे काही दिवस फटीत काहीच पडलं नाही. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी काका खुर्चीत चुळबुळ करायचे, पेपर उलटा-सुलटा करायचे. एकदा मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेलो असताना आतून हाक आली, "पडलं."

काका काठी घेऊन लगबगीने आत गेले. पट्टी जागच्या जागी होती.

"काय पडलं?"

"काही नाही. चव बघ."

काकांनी काठी ओट्याला टेकवून ठेवली आणि चव घेतली. मीठ जरा आणखी लागेल, म्हणाले.

"तुला सगळंच जास्त लागतं," आक्का म्हणाली आणि चिमूटभर टाकलं.