मुक्या कंपनीची भिंत

भिंत उठली आणि आमची वाट तिच्या आत गेली. तळवड्याच्या अंगाला आमची चार घरांची वस्ती. वडील आयटी पार्कबाहेरच्या टपऱ्यांना दूध घालायचे. पूर्वी सरळ वाटेनं डांबरी रस्ता गाठायचा. भिंतीनंतर ओढा उतरून, पलीकडचं चढण चढून, वळसा. पावसाळ्यात ओढा भरला की आम्ही घरात कोंडलेले. दूध नासायचं, मग आई खरवस केल्यासारखं काहीतरी करून ते आम्हालाच घालायची.

एका पावसाळ्यात वडील ओढ्यात घसरले आणि खुबा मोडला. वस्तीतल्या पोरांनी त्यांना बाजेवर घालून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणलं. पिंपरीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. घरी आले ते पुन्हा बाजेवरूनच. डॉक्टरांनी तपासायला आणि व्यायामाला बोलावलं होतं, पण ते काही केल्या तयार होईनात.

"खांद्यावरनं माणूस येकदाच न्यायचा आसतो," म्हणाले. "माझं दोनदा झालंय."

ते ओटीवर भिंतीकडं तोंड करून बसू लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, चालवलं नाही तर हे कायमचे बसतील.

आमच्याकडं उंच भिंत आणि गेट दिसलं की ती कंपनीच. पण हिच्यात ना भोंगा, ना शिफ्ट सुटायची, म्हणून लोक मुकी कंपनी म्हणायचे. छतावर तबकड्या, उंच खांब, आणि पाटीवर एवढंच : सरकारी जागा, प्रवेश बंद. आत चोरून ऐकायचं काम चालतं, हे टपरीवर सगळ्यांना ठाऊक. कागदावर मात्र ती कुणाचीच नव्हती.

आमची वाटही कागदावर नव्हती. शेजाऱ्याच्या रानातून जायची, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. शेजाऱ्याकडं वाट लिहून मागणं म्हणजे त्याच्या शब्दावर थुंकणं, असं आजोबा मानायचे. शेजाऱ्याच्या नातवानं रान सरकारला दिलं, तेव्हा कागदात वाट नव्हतीच.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणाहीसमोर सांगते, कारण फुकट झालेलं नाही. तहसीलला वाटेचा अर्ज घेऊन गेले, तर कारकून म्हणाला, "सामनेवाला कोण? नाव टाका." मी म्हटलं, सरकार. तो हसला. कुठलं खातं, कुठला अधिकारी? नोटीस काय भिंतीवर चिकटवू?

कॉलेजात शिकले होते की सभागृहाच्या मंजुरीशिवाय सरकारला पैसा खर्चता येत नाही, आणि खर्चला की तपासणी होते. म्हणजे भिंतीचा पैसा ज्यानं दिला तो सामनेवाला. सरळ हिशेब. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. बांधकाम खात्यानं कळवलं, बांधली आम्ही, पैसे दुसऱ्या कार्यालयाचे, नाव सांगता येत नाही. वर अपील केलं तर उत्तर आलं की हा कायदा त्या कार्यालयाला लागू नाही. तेव्हा कळलं, असल्या कार्यालयांचा पैसा ढोबळ आकड्यात मंजूर होतो. आत काय झालं हे आपण निवडून दिलेला माणूसही धड विचारू शकत नाही. आमच्या ग्रामपंचायतीत गटाराच्या झाकणावरून सभा उधळते, आणि इथं अख्खी भिंत विनामालक.

मग त्याच्याही वर दुसरं अपील केलं. त्याच्या सुनावणीत मी म्हटलं, "आत काय ऐकता ते मला नको. भिंतीचा पैसा कुणी दिला तेवढं सांगा, म्हणजे भांडायचं कुणाशी ते कळेल."

सुनावणी घेणारे साहेब मऊ आवाजात म्हणाले, "ताई, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे." वडिलांच्या खुब्यानं देशाला काय धोका, हे विचारायचं राहून गेलं.

चाकणच्या कंपनीत असलेला चुलतभाऊ चिडवायचा, "ताई, आता तुझाच फोन ऐकत्यात. भांडायचं तर जरा हळू भांड." तो हसायचा, पण आईनं त्या दिवसापासून फोनवर बोलणं सोडलं. मावशीचा फोन आला तरी नुसतं हूं हूं करायची. घराबाहेर भिंत होतीच. आता घरातही आली.

मग तहसीलला नव्या मॅडम आल्या. म्हणाल्या, सामनेवाल्याचं नंतर बघू, आधी वाट होती का ते बघू. स्थळपाहणीची तारीख दिली, ती नेमकी अमावास्या.

"आवसंच्या दिशी कुनी आसलं काम काढतं व्हय?" आई म्हणाली. तारीख बदलून घे म्हणून मागं लागली. मी ऐकलं नाही. ती तोंड फिरवून नैवेद्याच्या तयारीला लागली.

मॅडम, तलाठी, पंच, सगळे आमच्या बाजूच्या मागच्या फाटकाशी जमले. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेले एक साहेब आतून आले. म्हणाले, "यहाँ कभी कोई रास्ता नहीं था." तेवढ्यात आई आणि वस्तीतल्या बायका भाकरी-दहीभाताची ताटं घेऊन आल्या. पहारेकरी बीडकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. त्यानं सवयीनं फाटक उघडलं. समोर, रस्त्याकडच्या गेटमधूनही गावातल्या बायका आत येत होत्या. मधोमध बाभळीखाली म्हसोबा. दोन्हीकडून त्याच्यापर्यंत पांढरी, पायानं मळलेली वाट. हे मी दर अमावास्येला बघत होते, पण पुरावा म्हणजे कागद, असंच डोक्यात बसलेलं.

"हे कधीपासून?" मॅडमनी पहारेकऱ्याला विचारलं.

"भिंत झाल्यापासून मी उघडतोय मॅडम. वाट तर त्याच्याही आधीची. देवाला कसं अडवावं?"

साहेब म्हणाले, आमची हरकत लिहून घ्या. मॅडमनी हुद्दा आणि कार्यालय विचारलं. ते सांगता येत नाही, म्हणाले.

"मग कुणाचीच हरकत नाही असं लिहिते," मॅडम म्हणाल्या, आणि पंचांच्या सह्या घ्यायला वळल्या.

त्यानंतर एका कार्यालयाची लेखी हरकत आली, नाव आणि शिक्क्यासह. आम्हाला सामनेवाला मिळाला. सुनावणी झाली, हरकत फेटाळली, आणि भिंतीबाहेरचं तारेचं कुंपण आत सरकवून भिंतीकडेनं वाट खुली करून द्यायला लावली.

भिंतीचा पैसा कसा मंजूर झाला आणि कुणी तपासला, हे अजून कळलेलं नाही. माझं अपील चालू आहे. पण वाट झाली. त्या वाटेनं वडील गाडीतून पिंपरीला गेले, गाडीतूनच परत आले, आणि आता काठी टेकत रस्त्यापर्यंत चालतात.