धोंड्याच्या महिन्यात जावयानं मागितलेलं वाण

२०१८ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला होता आणि लेक-जावयाला वाण घ्यायला बोलावलं होतं.

आमचे जावई इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. इलेक्ट्रिकल शिकवतात. मूळचे बीबी गावाकडचे, वडील बाजारात भाजी विकायचे. जावयांनी आधी आयटीआय केलं, जळालेल्या मोटरी भरायच्या दुकानात दोन वर्षं तांब्याची तार गुंडाळली. मग डिप्लोमा, मग डिग्री, मग पोरांना शिकवता शिकवता त्याच्या वरची डिग्री. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण मेहनत मला ओळखू येते. म्हणून तर शेती नसलेल्या घरी मुलगी दिली. तोंडावर मात्र कधी चांगलं म्हटलं नाही. दर खेपेला माझा टोमणा ठरलेला, "जावईबुवा, तुम्ही कॉलेजात लाईट शिकवता, अन् आमच्या गावात थे येतच नाही!" ते नुसते हसायचे.

त्या दिवशी दोघांना पाटावर बसवून पाय धुतले. आमच्या घरच्यांनी अनारसे वाढले. मी नांदुऱ्याहून आणलेली अंगठीची डबी पुढं केली.

त्यांनी डबीला हात लावला नाही. "मामा, रागावणार नसाल तर दुसरं मागू का?"

"मांगा नं. धोंड्याच्या महिन्यात जावयाले नाही कोन म्हनते?"

"तुमच्या डीपीवरच्या चौदा मोटरी मला महिनाभर द्या. ऑटो स्विच काढायचे आणि कपॅसिटर बसवायचे. कपॅसिटर मी आणलेत, गाडीत आहेत."

मी डबी पाटाजवळ ठेवली. डीपी म्हणजे आम्हा चौदा जणांच्या मोटरींना लाईन देणारा शिवारातला ट्रान्सफॉर्मर. ऑटो स्विच म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप सुरू करणारं बटण. माणसाला शेतात जायची गरज नाही. आमच्या शिवारात ते पहिल्यांदा मी आणलं आणि बारा जणांच्या स्टार्टरवर माझ्या हातानं बसवून दिलं. कपॅसिटर हा स्टार्टरजवळचा डबा. त्याच्याशिवायही मोटर फिरते, म्हणून तो बिनकामाचा, असं सांगून तोही मीच काढायला लावला होता.

"जेवा आधी," एवढंच मी बोललो.

दुपारी त्यांना घेऊन शेतात गेलो. त्यांनी चिमट्यासारखं एक मीटर माझ्या वायरीला लावलं. दोनला लाईन आली आणि शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या. डीपी घुरघुरली. माझी मोटर हूंऽऽ करून जागीच अडकली आणि तिकडं डीपीवरचा फ्यूज उडाला. त्या उन्हाळ्यात डीपी दोनदा जळाली होती आणि माझी अर्धी वांगी वाळून गेली होती.

"सगळ्या एकदम उठल्या की कुणालाच पुरत नाही, मामा. कपॅसिटर असला की मोटर करंट कमी ओढते. आणि हातानं एकामागून एक सुरू केल्या तर हीच डीपी चौदा जणांना पुरेल."

"चाळीस वर्षं झाले मोटर चालवून राह्यलो मी."

"मला ठाऊक आहे."

"मंग मले शिकवू नका."

त्यांनी वहीत आकडा लिहून घेतला. मी घराची वाट धरली.

चहाच्या वेळी लेक ओट्यावर येऊन बसली. "बाबा, पीएचडीसाठी असी एक डीपी मोजाले पाह्यजे म्हनून हे पाच गावं फिरले. कोनी हो म्हनलं नाही. पीएचडीची मुदत यंदा संपते. एकदा पानी पडलं का मोटरी बंद, मंग काय मोजतीन? सात वर्षं जातीन त्याईची."

"मंग पहिले आपल्याच गावात काऊन नाही आले?"

"थे बटनं तुम्हीच बसवले नं. हे म्हने, मामाले कोन्या तोंडानं सांगू का तुमचं चुकलं म्हनून."

हे लागलं मला. माझं चुकलं असं कोणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, ते मला जमतं. पण घरचा माणूस आपल्याला खरं सांगायला भितो आणि त्यापायी सात वर्षांच्या अभ्यासावर पाणी सोडायला निघतो, याच्याशी कसं भांडायचं? शिवाय फ्यूज उडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

मी आत गेलो. "अंगठी घाला आधी. चौदा मोटरी मले वाणात देता येत नाही, तेरा लोकाईच्या हायेत. माही एक दिली. बाकीच्या मांगून पाहू."

"मामा, बाकीचे ऐकतील?"

"बारा जन ऐकतीन, पन मी एकट्यानं सांगून नाही."

कारण चौदावा माझा धुऱ्याशेजारचा, बांधाला बांध लागून शेत असलेला. त्यानं बटण कधी घेतलंच नाही. लाईन आली की पायी जाऊन हातानं मोटर सुरू करायचा आणि त्याचा कपॅसिटर जागेवर होता. मी त्याला पारावर चारचौघांत 'मोटरीचा चपराशी' म्हटलं होतं. तेव्हापासून सहा वर्षं आमचं बोलणं बंद. आम्ही दोघं मिळून बोललो, तरच गाव ऐकणार होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, लाईन यायच्या आत, मी माझ्या स्टार्टरवरचं बटण काढलं, जावयांच्या गाडीतले कपॅसिटर पिशवीत घेतले आणि त्या शेजाऱ्याच्या दारात गेलो. तो दात घासत होता.

"काऊन बे, रस्ता चुकला काय?"

"नाही. तुहं बराबर होतं, थे सांगाले आलो."

त्यानं सावकाश चूळ भरली. "मले एकट्यालेच सांगतं, का लोकाईसमोर सांगशीन?"

"हासलो होतो लोकाईसमोरच. चाल."

त्यानं खांद्यावर दुपट्टा टाकला, घरातून स्वतःचा स्क्रू काढायचा पेचकस आणला आणि माझ्यापुढं चालायला लागला. पहिल्या विहिरीवर मालकाला मी सगळं, माझं चुकलं आणि याचं बरोबर होतं हेही, सांगितलं. मग बटण मी काढलं, आणि मी तारा जोडेपर्यंत कपॅसिटर त्यानं धरून ठेवला.