कर्जत स्टेशनावर जोडलेला मामा

मी घर सोडलं त्या दिवशी माझ्या वडिलांनी कर्जत स्टेशनावर तीन प्रश्न विचारून मला एक मामा मिळवून दिला. पळसदरीच्या माझ्या माणसांनो, तुम्ही हसाल. मीही हसलो होतो, पण मनातल्या मनात. आबांसमोर हसण्याची छाती आमच्या पिढीत कुणाची नव्हती.

मी सतरा वर्षांचा होतो. भुसावळला इंजिनांचं मोठं शेड झालंय, तिथं हाताला काम मिळतं, एवढ्या ऐकीव बातमीवर मी निघालो होतो. भुसावळ कुठल्या दिशेला आहे हेही आमच्यापैकी कुणाला नीट ठाऊक नव्हतं. आई, आबा आणि मी पळसदरीहून पहाटेच चालत निघालो. फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि सुकटीची चटणी होती. एकुलता एक मुलगा ओळखदेख नसलेल्या मुलखात चालला होता, आणि तिथं त्याला विचारणारं कोण, ही काळजी त्यांच्या चालण्यातच दिसत होती.

स्टेशनावर एक गृहस्थ पेटीवर बसले होते. अंगात कोट, पण नखं कोळशाने काळी. भुसावळचं तिकीट आहे हे कळताच आबा त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"कोणचं गाव तुमचं?"

"आता भुसावळच. पयलं खंडाळ्याच्या बाजूला व्हतो."

"आन आयचं माहेर?"

"कुंभिवली. आय मी ल्हान असतानाच गेली. तिच्या भावकीत लगीन व्हतं, म्हनून आल्तो."

"नाव काय तिचं?"

"भागी."

एवढं ऐकलं आणि मागे उभी असलेली आई डोक्यावरचा पदर सावरत पुढेच आली. "अरं देवा! कुंभिवली तर माजं माहेर. भागीआत्या माज्या बापाची चुलतभन. आमी तिला बघितली नाय, पन नाव ऐकलंय. म्हंजी तू माजा आतेभाऊ." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघत काय ऱ्हायलास रं? मामाच्या पाया पड."

मी पडलो. त्याने आपणहून आपलं नाव सांगितलं, तुकाराम. आबांनी त्याच्यापुढे हात जोडले. "तुकाराम, पोर तुज्या ओटीत घातला." त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटेवरच्या कुठल्याही माणसाला धरून नातं लावायचं आणि मग त्याच्या गळ्यात पडायचं, ही आपल्याकडची खोड मला तेव्हा फार गावंढळ वाटायची.

त्याच तुकामामांनी पुढे सहा वर्षं मला सांभाळलं. शेडमध्ये फिटरच्या हाताखाली लावलं, पाना कसा धरायचा ते शिकवलं, तापाने फणफणलो तेव्हा उशाशी बसले. त्यांच्या रेल्वेच्या चाळीत मी राहिलो. मामी होती आणि सोनी नावाची एकुलती मुलगी होती. खानदेशचं ऊन, कळण्याची भाकरी, भरीत, भोंग्यावर उठणं आणि भोंग्यावर निजणं, सगळं हळूहळू अंगवळणी पडलं. तिसऱ्या वर्षी पटकीच्या साथीत मामी गेली. तेव्हा जनरीतीला धरून मी त्याच चाळीत दुसरी खोली घेतली. जेवायला मात्र त्यांच्याकडेच जायचो.

मामी गेल्यावर घर सोनीवर पडलं आणि तिचं लग्न लांबलं. अठरा पूर्ण झाली तरी मुलगी घरात, म्हणून चाळीतल्या बायका बोलायला लागल्या होत्या. सोनी त्यांना पुरून उरायची. मला तर ती रोज घालूनपाडून बोले. "तुमी कोकणातले लोक भाताशिवाय जगता तरी कसे हो?" म्हणायची आणि माझ्यासाठी वेगळा मूठभर भात टाकायची. त्या मूठभर भातात माझा जीव अडकला होता. आता नातवंडं झालेल्या माणसाने लिहायला लाजू नये, म्हणून लिहितो. सोनीने हो म्हटलं होतं. मामांनी तर मला विचारलंच होतं. मामाची मुलगी करायला आपल्यात कुणाचीच हरकत नसते. उलट घरातली मुलगी घरात आली म्हणतात. फक्त गावी जाऊन वडीलधाऱ्यांचा होकार घ्यायचा आणि सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं.

गावी आलो. आई-आबांना आभाळ ठेंगणं झालं. आबा म्हणाले, "शेलूच्या आत्याला सांगून ये. तिला इचारल्याबिगर आपल्यात पान हालत नाय." आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. नजर गेलेली, पण डोकं शाबूत.

शेलूला आत्याच्या पडवीत बसून मी मोठ्या दिमाखात सगळं सांगितलं. मुलगी कुणाची, तिचा बाप कोण, बापाची आई कोण, ती कुंभिवलीच्या कुठल्या घरातली. आईने लहानपणापासून नाती पाठ करून घेतलेली, त्यामुळे कुठे अडखळलो नाही. आत्याच्या हातातलं जातं मात्र थांबलं.

"कुंभिवलीची भागी? तिचा तुका?"

"हो."

"त्याच्या डाव्या कानामागं भाजल्याचा डाग हाय का रं?"

मामा अंघोळीला बसले की तो डाग मी शेकडो वेळा पाहिला होता. नाण्याएवढा, चुरगळलेल्या कातड्याचा.

आत्या सांगत गेली. आबा जन्मले तेव्हा आजीला असा ताप चढला की अंगावरचं दूध आटलं. मूल चार दिवसांचं पाहुणं, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या साली आमच्या शेताच्या बांधाला एक मजुराचं खोपटं होतं. त्यातली भागी नुकतीच बाळंतीण झाली होती. आत्या तेव्हा परकरी पोर. तिने आबांना फडक्यात गुंडाळून तिकडे नेलं. "एकीकडं तुका आन एकीकडं तुजा बा, असं पाजायची बग ती. चार म्हयनं पाजलं. मला दोगांकडं बगायला बशिवलेलं. मी खेळत ऱ्हायले आन चुलीतलं लाकूड तुकाच्या कानाला लागलं. भागी मला एक शब्द बोलली नाय." पुढच्या साली ते बिऱ्हाड कामाच्या शोधात घाटावर गेलं. आमच्या आजीला आपलं दूध आटल्याची लाज वाटायची, तिने घरात पुन्हा तो विषय काढू दिला नाही. सुनेलाही कधी कळलं नाही.

"म्हंजी ते दूधभाव," आत्या म्हणाली. "तुका तुजा मामा कसला? तुजा काका त्यो. आन काकाची पोर म्हंजी..."

पुढचं मला ऐकायचंच नव्हतं. काकाची मुलगी ती बहीण, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी भांडलो. रक्ताचं नातं थोडंच आहे, म्हणालो. आईकडून तो मामाच लागतो, मग तेच धरू या, म्हणालो. आत्याने ऐकून घेतलं. मग जात्याचा खुंटा पुन्हा हातात घेतला. "हे मला सोडून कुनाला म्हाईत नाय. तू म्हनशील तर मी तोंड उगडनार नाय. आज हाय, उद्या नाय मी. पन मला लग्नाला बलवू नको."

शेलूहून पळसदरीपर्यंत मी रुळाच्या कडेने चालत आलो. मनात दहादा ठरवलं की काही बोलायचं नाही. भुसावळात कोण विचारणार होतं? तिथं चाळीत सगळेच दहा गावांचे. एकमेकांना भाऊ म्हणत, काका म्हणत, आणि कुणी कुणाचं काही लागत नव्हतं. मुंग्यांसारखी माणसं एका वारुळात आलेली. तिथं माझं खोटं शंभर वर्षं खपलं असतं. पण मामांच्या कानामागचा तो डाग डोळ्यांपुढून हलेना. ज्या बाईने आपलं दूध वाटून माझ्या बापाला जगवलं, तिच्या नातीला मी तिची आठवण पुसून घरी आणणार होतो. आबा जगले नसते तर मी कुठे असतो?

आबा शेतावर होते. मी बांधावर बसून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. "ठेसनावर मी त्याला हात जोडले रं," म्हणाले. "सख्खा भाव समोर बसलेला, आन मी त्याला परक्यावानी हात जोडले." लग्नाचं त्यांनी एवढंच म्हटलं, "संसार तुजा हाय. तू ठरव. मी काय बी बोलनार नाय." आईने मात्र घरात शिरताच माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता भात वाढला.

भुसावळला सकाळची गाडी पोचली. चाळीतल्या त्या दाराशी मी रोज जेवायला जायचो आणि 'मामा' म्हणून हाक मारायचो. त्या दिवशी पाय उंबऱ्याबाहेरच थांबले. आत सोनी भाकरी थापत होती. पिठावर पडणाऱ्या हाताचा आवाज येत होता. मी सारा जीव गोळा केला आणि हाक मारली, "काका."

भाकरीचा आवाज थांबला.

तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. आपल्याकडच्या मुलीला त्या एका हाकेत सगळं कळतं. थोड्या वेळाने भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली, आधीपेक्षा जोरात. तुकाकाका बाहेर आले. मी त्यांना बांधावरचं खोपटं, त्यांची आई, चुलीतलं लाकूड, सगळं सांगितलं. आपल्या आईबद्दल त्यांना नावापलीकडे काही माहीत नव्हतं. ते कानामागे हात लावून ऐकत राहिले. "माजी आय अशी व्हती?" पुन्हा पुन्हा विचारत होते. "कुनाला बोलली नाय म्हनतोस?" मुलीचं ठरलेलं लग्न मोडत होतं आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी उजेड पाहिला. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी मी केलं ते बरोबर केलं हेही कळलं.

आबा महिनाभराने आले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसून आले, आणि उतरल्या उतरल्या भावाला त्यांनी जी मिठी मारली ती सोडवायला हमाल लागतील असं वाटलं.

त्या दिवाळीत भाऊबीजेला सोनीने मला ओवाळलं. ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "आता भात मिळायचा नाय हां, दादा." आम्ही दोघंही हसलो. घरी येऊन मी एकटाच बसून राहिलो. दुखलं, खोटं कशाला बोलू? वर्षभराने जळगावकडच्या एका चांगल्या मुलाशी तिचं लग्न झालं. माझंही झालं, खोपोलीकडच्या मुलीशी. त्या वेळी आत्याने दोन्हीकडची नाती तीन दिवस तपासली आणि मगच पान हललं. माझी बायको अजून मला टोचते, "मी सगळ्या चाळण्यांतून गाळून आलेय बरं का."

या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं झाली. तुकाकाका गेले, आबा गेले, आत्या गेली. माझी मुलं अर्धी अहिराणी बोलतात आणि पावसाळ्यातली पळसदरी त्यांना गोष्टीसारखी वाटते. लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? पूर्वी मी आपल्या खळ्याचं, दारातल्या आंब्याचं वर्णन करायचो. आता तसं करत नाही. परवा सोनीच्या मुलीचं लग्न झालं, जळगावला. मांडवात पाचशे माणूस होतं, त्यात पळसदरीचा मी एकटा. अंतरपाट धरला गेला आणि भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

सोनीला सख्खा भाऊ नाही. सगळे इकडेतिकडे बघू लागले. सोनी मात्र सरळ माझ्याकडे बघत होती. मी पगडी नीट केली आणि उठलो. आबांनी स्टेशनावर ज्याच्यासाठी हात जोडले होते तो सतरा वर्षांचा पोर भागीच्या पणतीचा हात धरून मांडवात चालला होता. माझं घर कुठलं, ते त्या वेळी मला कुणी विचारायला हवं होतं.