खिंडीपर्यंतचं ओझं

प्रवास माणसाला हलकं करतो. हे सत्य मी कॅनडातल्या किचनरच्या आमच्या मराठी मंडळात वीस मिनिटं समजावून सांगितलं, आणि तेव्हा मी प्रवासाला निघालोही नव्हतो.

निमित्त पेरूचं होतं. मी आणि बायको पाठीवर बॅगा टाकून त्या देशात तीन आठवडे भटकणार होतो आणि शेवटी अँडीजमधली एक खिंड पायी ओलांडणार होतो. खिंडीचं स्वप्न तिचं. पाच वर्षांपूर्वी तिने खिंडीचा फोटो फ्रिजवर लावला. आधी कायम राहण्याचा पीआर, मग नोकरी, मग विंटर टायर्स, अशी ती खिंड लांबत गेली. “दोन शर्ट, एक स्वेटर, बाकी सगळा मोह,” असं मी मंडळात म्हणालो. टाळ्या पडल्या. मग बटाटेवडे आले.

सराव आम्ही कॉन्डोच्या जिन्यात केला, कारण किचनर सपाट आहे आणि फेब्रुवारीत बाहेर फक्त बर्फ शोव्हल करणारी माणसं असतात. वजन हवं म्हणून बॅगांत वाणसामान भरलं: तिच्या बॅगेत तांदूळ, माझ्या बॅगेत डाळ. बारा मजले वर, बारा खाली. सातव्या मजल्यावरच्या आजींनी दोनदा विचारलं, घर सोडताय का.

निघायच्या आठवड्यात घरातली तूरडाळ संपली.

“इतक्यात कशी संपली रे?”

“वरण तू करतेस.”

“आणि ओरपतं कोण?”

विषय मिटला. लिमाच्या विमानतळावर ‘खाद्यपदार्थ आणले आहेत का’ या प्रश्नापुढे मी निर्मळ मनाने ‘नाही’वर खूण केली.

पहिले दोन आठवडे आम्ही कॉलेजातल्या पोरांसारखे वागलो. दिसेल त्या बसमध्ये चढायचं, उतरू तिथे मका आणि चीज खायचं, कशालाही हसायचं. बायकोने बाजारात थेट मराठीत घासाघीस केली आणि ती चालली. एका भाजीवालीने तर तिला वर दोन लिंबं दिली.

मग चढ सुरू झाला आणि मी मागे पडलो. बायको पुढे, साठीचं एक जर्मन जोडपं तिच्याही पुढे, आणि माझ्या मागे फक्त एक खेचर. ते थकलेल्यांसाठी आणलेलं होतं आणि माझ्याकडे ओळखीच्या नजरेने बघत होतं. दुसऱ्या संध्याकाळी वाटाड्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं: उद्या खिंड आहे, हाच वेग राहिला तर तुम्ही खेचरावरून खाली.

“तू जा पुढे,” मी बायकोला म्हणालो.

“आणि फोटोत शेजारी कोण, खेचर?”

“खेचर माझ्याबरोबर उतरणार आहे.”

“मग मीही उतरते,” ती म्हणाली.  पाच वर्षं फ्रिजवर टांगलेली खिंड माझ्या अपुऱ्या दमामुळे हुकणार होती.

सकाळी कोरडे मोजे शोधताना मी बॅगेचा तळाचा कप्पा उघडला. तो स्लीपिंग बॅगसाठी असतो. आमच्या स्लीपिंग बॅगा पेरूतच भाड्याने घेतलेल्या, त्या बॅगेला वरून बांधलेल्या. त्यामुळे घर सोडल्यापासून त्या चेनला हात लागला नव्हता. आत तूरडाळ होती. आठ पौंडांची अख्खी पिशवी, उंचीवरच्या विरळ हवेत टम्म फुगलेली.

बायकोने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“दोन शर्ट, एक स्वेटर,” ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

त्या उंचीवर दोघांना एकदम हसायला हवा पुरत नाही. आम्ही पाळीपाळीने हसलो; एक हसायचा तेव्हा दुसरा श्वास घ्यायचा. आम्हाला उंची बाधली असं समजून जर्मन बाई गोळ्या घेऊन धावत आल्या. वाटाड्याने पिशवी हातात तोलली, आतली डाळ न्याहाळली आणि दुखावल्या आवाजात विचारलं, “आमच्याकडे जेवायला मिळत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

त्या दिवशी मी चढ अक्षरशः तरंगत चढलो. दुपारी खिंडीवर बायकोने दोन्ही हात वर केले, मोठ्याने ओरडली, आणि लगेच धाप लागून माझ्या खांद्याला टेकली. जर्मन काकांनी फोटो काढला.

मंडळाने तो मोठा करून सभागृहात लावला आहे. खाली सुबक अक्षरांत लिहिलंय, ‘प्रवास माणसाला हलकं करतो’. फोटोत आमच्या मागे खेचर दिसतं. त्याच्या पाठीवर आठ पौंड तूरडाळ आहे.