पेरूला नेसवलेली साडी

आमच्या दारचा पेरू वाचवला तो सुरेखावन्संनी. मारायला काढला होता तो मी! (आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच दुसऱ्या कुणावर संशय नको.)

माझं माहेर नांदेडकडचं. शाळा सातवीत सुटली आणि लग्न होऊन आले ती थेट पिंपळगाव बसवंतला, द्राक्षांच्या गावात. आईशी बोलायचं तर नाक्यावरच्या एसटीडी बूथवर रांग. तेव्हा सासरी कुणाचं मन दुखवायचं नाही, हा एकच धसका. त्यात सासूबाईंचा सगळा जीव त्या पेरूत. सासऱ्यांनी जायच्या आदल्या वर्षी लावलेला.

"झाड लय गुणाचं हाय, पण फळ बघ, लिंबाएवढं!" त्या रोज म्हणायच्या.

एक दिवस मळ्यात मी गर्डलिंग बघितलं. द्राक्षाच्या खोडावरून सालीची बारीकशी अंगठी सोलून काढायची, की वर मणी फुगतात. म्हटलं, सापडलं! एवढ्याशा अंगठीने मणी फुगतो, तर पेरूची वीतभर साल काढली तर? (हिशोबात मी पहिल्यापासून हुशार!)

भाजीच्या सुरीने गोल सोललं आणि उघडं दिसू नये म्हणून वर जुनी साडी गुंडाळली.

"हे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"थंडी बाधू नये म्हणून, आई."

आणि खरंच पेरू फुगले! सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या, "सुनेचा हात लागला!" साडी बघून शेजारणींना वाटलं, झाड नवसाचं. कुणी कुंकू लावलं, कुणी दोरा बांधला. सासूबाईही रोज कुंकू लावू लागल्या. एकीने तर नारळ फोडला!

उन्हाळ्यात पानं पिवळी पडायला लागली. सासूबाई बादल्यांवर बादल्या ओतायच्या. "पाणी तर पितंय, मग खंगतंय का? नजर लागली." लिंबू-मिरची टांगली. मग एकदा हळूच म्हणाल्या, "त्यांचं तेवढंच राहिलंय गं." त्या दिवसापासून मी पेरूकडे बघायचंच टाळायला लागले.

नेमक्या तेव्हाच नणंद सुरेखावन्सं कॉलेजच्या सुट्टीला आल्या. विषय जीवशास्त्र. त्यांनी साडी सोडली आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी! पाणी आतल्या लाकडातून वर जातं, ते चालूच आहे. पण पानं रांधतात ते मुळांना पोचतं सालीतून. तुम्ही रस्ताच उखडलात! वर पंगत बसलीय आणि खाली मुळं उपाशी!"

"मग द्राक्ष कसं मरत नाही?"

"ती जखम बारीक, भरून येते. ही वीतभर!"

त्यांनी पेरूच्याच कोवळ्या डहाळ्या कापल्या. एक टोक वरच्या सालीत, दुसरं खालच्या सालीत खोचून, पूल घातल्यासारखं घट्ट बांधलं. तेवढ्यात सासूबाई दारात!

"काय चाललंय गं?"

"आई, मुळांना डबा पोचवतोय," वन्सं म्हणाल्या.

मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजी इतके दिस मी तुझ्या सुरीला कुंकू लावत व्हते का?" आणि पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या!

पेरू जगला. फळं पुन्हा लिंबाएवढीच येतात, पण सासूबाई आता त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

वन्सं आता देवळाली कॅम्पला असतात. त्यांच्या दारच्या चिकूला फळ धरत नाही असं कळल्यावर मी लगेच निरोप धाडला, "मी येते!"

उलट निरोप आला, "जरूर या वहिनी, पण रिकाम्या हाताने."

त्यांचे उपकार मी फेडणार म्हणजे फेडणारच. सुरी आणायची परवानगी मिळाली, की निघालेच!